नदीचा काठ कोणाचा? चवदार तळ्यापासून ग्रँड नदीच्या रॅम्पपर्यंत

कॅनडातला उन्हाळा अल्पायुषी असतो. मे महिन्यातील व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या कामगार दिनापर्यंत जेमतेम पंधरा आठवडे हाती लागतात आणि तेवढ्या अवधीत सारा देश नद्या-सरोवरांकडे धावतो. छतावर कनू बांधलेल्या, मागे बोटीचा ट्रेलर जोडलेल्या गाड्यांची महामार्गावर रांग लागते. आपल्या समाजातील कुटुंबेही या दिवसांत नदीकाठी जातात. गवतावर चादर अंथरली जाते, डबे उघडले जातात, मुले पाण्यात दगड भिरकावतात, छायाचित्रे निघतात आणि संध्याकाळी सर्वजण घरी परततात. स्वतःची किंवा भाड्याची नाव घेऊन प्रवाहात उतरणारे कुटुंब मात्र आपल्यात क्वचितच आढळते. ‘आपल्याला काय करायचंय पाण्यात जाऊन?’ हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो.

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत. काठ आणि पाणी यांच्यामध्ये जे दहा-वीस हातांचे अंतर असते, त्याच्याशी आपल्या चळवळीचा फार जवळचा संबंध आहे.

रॅम्प म्हणजे काय?

बोट रॅम्प म्हणजे रस्त्याच्या कडेपासून थेट पाण्याखाली उतरत जाणारा काँक्रीटचा उतार. चाके घसरू नयेत म्हणून त्यावर आडव्या खाचा पाडलेल्या असतात. ट्रेलर जोडलेली गाडी उलटी घेत पाण्यापर्यंत न्यायची, ट्रेलर पुरेसा बुडाला की बोट तरंगू लागते. ती बाजूच्या धक्क्याला दोराने बांधायची आणि गाडी वाहनतळावर नेऊन लावायची, असा त्याचा साधा उपयोग. कनू किंवा कयाक असेल तर ट्रेलरचीही गरज नाही, दोघांनी उचलून नेली तरी पुरते.

टोरोंटोच्या परिसरात राहणाऱ्या वाचकांना सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे मिसिसॉगा शहरातील पोर्ट क्रेडिट. तेथे क्रेडिट नदी ओंटारिओ सरोवराला मिळते आणि मुखाजवळ असा रॅम्प आहे. थोडे पश्चिमेला गेले की ग्रँड नदी लागते. सुमारे ३०० किलोमीटर लांबीची ही नदी डफरिन परगण्याच्या उंचवट्यावर उगम पावते, एलोराच्या खडकाळ घळीतून वाट काढते, किचनर, केंब्रिज, पॅरिस आणि ब्रँटफर्ड या शहरांच्या कुशीतून जाते आणि पोर्ट मेटलंड येथे ईरी सरोवरात विसर्जित होते. १९९४ साली तिला कॅनडाच्या वारसा नद्यांमध्ये स्थान मिळाले. पॅरिस ते ब्रँटफर्ड हा पट्टा कनू चालवणाऱ्यांचा विशेष आवडता आहे. खालच्या अंगाला केयुगासारख्या गावांत मोठ्या बोटींसाठी रॅम्प आहेत.

हे रॅम्प बहुधा नगरपालिका किंवा नदीखोऱ्याचे संवर्धन प्राधिकरण बांधते आणि सांभाळते. काही विनामूल्य असतात, काहींना दिवसाचे शुल्क किंवा हंगामाचा पास लागतो, काही ठिकाणी स्थानिक रहिवाशांना एक दर आणि बाहेरून येणाऱ्यांना दुसरा असतो. खासगी मरीना किंवा बोट क्लब यांची गोष्ट वेगळी. तेथे सदस्यत्व हवे. सार्वजनिक रॅम्पवर मात्र ना सदस्यत्व लागते ना कोणाची शिफारस. जो नियम पाळेल आणि शुल्क असल्यास ते भरेल, त्याला पाण्यात उतरता येते.

पाण्यावरचा हक्क आणि काठावरची अडचण

इंग्लंडच्या कॉमन लॉमधून कॅनडाला एक जुने तत्त्व मिळाले आहे. जी नदी जलवाहतुकीस योग्य आहे, तिच्यावरून ये-जा करण्याचा हक्क साऱ्या जनतेचा आहे. काठावरची जमीन कोणा एकाच्या मालकीची असली, तरी वाहत्या पाण्यावरून जाणाऱ्याला तो अडवू शकत नाही. १८८२ साली संघीय संसदेने जलमार्गांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. २०१२ साली त्या कायद्याची व्याप्ती फार आक्रसली गेली आणि केवळ यादीत नाव असलेली मोजकी सरोवरे व नद्या त्याच्या पूर्ण संरक्षणाखाली उरली. ‘आयडल नो मोअर’ हे आदिवासी जनतेचे देशव्यापी आंदोलन ज्या विधेयकांविरुद्ध पेटले, त्यांत हा बदलही होता. २०१९ साली नव्या कायद्याने ते संरक्षण पुन्हा विस्तारले.

आपल्या शेजारच्या क्रेडिट नदीनेही या विषयावर एक महत्त्वाचा निवाडा घडवला आहे. नदीकाठच्या एका जमीनमालकाने आपल्या जमिनीतून वाहणाऱ्या पट्ट्यावरून कनू नेण्यास हरकत घेतली आणि ‘कनू ओंटारिओ विरुद्ध रीड’ या नावाने प्रकरण न्यायालयात गेले. १९८९ साली ओंटारिओच्या उच्च न्यायालयाने तो पट्टा जलवाहतुकीस योग्य ठरवला. व्यापारी जहाजे चालत नसली, पाणी काही ऋतूंत उथळ होत असले, तरी नैसर्गिक स्थितीत कनू जाऊ शकत असेल आणि त्या मार्गाला सार्वजनिक उपयोग असेल, तर तो जनतेचा मार्ग आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

मात्र या हक्काला एक मर्यादा आहे आणि ती काठावरच भेटते. नदीवरून जाण्याचा हक्क मिळाला म्हणून नदीपर्यंत पोहोचण्यासाठी कोणाच्या खासगी जमिनीतून चालत जाण्याचा हक्क मिळत नाही. दोन्ही काठांवर सलग कुंपणे असतील, तर पाणी सर्वांचे असूनही त्याला हात लावता येत नाही. आमच्यापैकी जे संगणकप्रणालीचे काम करतात, त्यांना ही अवस्था चटकन उमगेल. वापरकर्त्याच्या नावापुढे परवानगीची नोंद आहे, पण आत शिरण्याचा दुवाच कोणी बनवलेला नाही. अशी नोंद काय कामाची? सार्वजनिक रॅम्प हा तो दुवा आहे. त्याच्याशिवाय नदीवरचा हक्क कायद्याच्या पुस्तकात सुरक्षित राहतो आणि तेथेच राहतो.

दासगावचे बंदर आणि महाडचे तळे

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला पाणवठ्याचा भूगोल तोंडपाठ होता. नदीच्या वरच्या अंगाला सवर्णांचा पाणवठा, खालच्या अंगाला आपला. विहिरीपाशी गेले तर कोणी दया करून वरून पाणी ओतेल तोवर घागर घेऊन ताटकळत उभे राहायचे. नदी एकच, पाणी एकच, पण काठाची वाटणी जातीने झालेली.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुल्या असाव्यात, असे त्या ठरावाने म्हटले. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केले. इतर धर्मीयांना त्या तळ्याचे पाणी चालत होते, गुरेढोरेही ते पीत होती; आता आपल्यालाही कागदोपत्री मज्जाव उरला नव्हता. तरीही पुढची तीन वर्षे आपल्यापैकी कोणी त्या तळ्याच्या पायऱ्या उतरू शकले नाही. ठरावात पाणी होते, पायऱ्यांवर पहारा होता.

२० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे प्रतिनिधी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांनी पाणी प्राशन केले. पुढे काय झाले ते आपल्या मुलांनाही ठाऊक असावे. मंदिरात घुसणार असल्याची अफवा पसरवून प्रतिनिधींवर हल्ले झाले आणि पंचगव्य मिसळलेल्या पाण्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याचे तथाकथित शुद्धीकरण करण्यात आले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला आधीचा ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर तळे खासगी असल्याचा दावा करून न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवण्यात आला. तळे सार्वजनिक की खासगी, हा वाद दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निर्णय दिला.

या इतिहासातील एक तपशील नावेच्या संदर्भात मुद्दाम सांगण्याजोगा आहे. डिसेंबरच्या परिषदेसाठी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. रस्त्याच्या मार्गावर बसमालक अडवणूक करतील, अशी शक्यता होती. सावित्रीच्या खाडीवरील दासगाव बंदरात ते उतरले आणि तेथून महाडपर्यंत पायी गेले. २५ डिसेंबरला जेथे मनुस्मृतीचे दहन झाले, त्या परिषदेकडे जाण्याचा मार्ग असा एका बंदराच्या धक्क्यावरून गेला. गाडीचा दरवाजा जात विचारून उघडला जाईल अशी भीती असताना सर्वांसाठी असलेल्या धक्क्याचे मोल काय असते, हे त्या प्रवाशांना सांगावे लागले नसेल.

महाडचा धडा एका वाक्यात सांगायचा तर तो असा की, सार्वजनिक जागा ठरावाने जाहीर होते आणि लोकांच्या पावलांनी सार्वजनिक होते.

इथल्या काठावरही पहारे बसले

हा धडा कॅनडात गैरलागू आहे, असे समजण्याचे कारण नाही. २००७ साली ओंटारिओत सार्वजनिक पुलांवर आणि धक्क्यांवर मासे पकडणाऱ्या आशियाई वंशाच्या लोकांवर हल्ल्यांच्या घटना उजेडात आल्या. कोणाला मागून ढकलून पाण्यात पाडले गेले, कोणाच्या गळकाठ्या मोडल्या, कोणावर दगड आले. काही भागांत या प्रकाराला एक वांशिक शिवी जोडलेले टोपणनावही पडले होते, जणू तो एखादा खेळच असावा. सप्टेंबर २००७ मध्ये सिमको सरोवराकाठच्या जॉर्जिना भागात अशाच एका रात्री माणसाला पाण्यात ढकलल्यानंतर झटापट झाली, पाठलागात गाडी आदळली आणि एका तरुणाच्या मेंदूला गंभीर इजा झाली. पाठलाग करणाऱ्या चालकाला पुढे न्यायालयाने शिक्षा केली.

ओंटारिओ मानवी हक्क आयोगाने या हल्ल्यांची चौकशी केली आणि २००८ साली ‘फिशिंग विदाउट फिअर’ हा अहवाल प्रसिद्ध केला. वंशद्वेष हे या घटनांमागचे कारण असल्याचे आयोगाने स्पष्ट नोंदवले. पोलीस, नगरपालिका, शाळा आणि शासकीय खाती यांच्याकडून उपाययोजनांची आश्वासने मिळवली. त्या पुलांवर आशियाई माणसांना मनाई करणारा कोणताही कायदा नव्हता. परवाना खिशात असलेल्या माणसाला अंधारात कोणीतरी ‘ही जागा तुझी नाही’ असे हाताने बजावत होते. जातिव्यवस्था आणि वंशद्वेष एकच नव्हेत, त्यांचा इतिहास वेगळा आहे. पण सार्वजनिक पाण्याच्या काठावर खासगी पहारा बसवण्याची रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

याच आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये जातीय भेदभावाविषयीची आपली भूमिका जाहीर केली. वंश, वांशिक मूळ, पूर्वजपरंपरा, धर्मश्रद्धा यांसारख्या आधारांखाली जातीय भेदभावही ओंटारिओच्या मानवी हक्क संहितेत मोडतो, असे त्यात म्हटले आहे. ही संहिता नोकरी आणि घरापुरती मर्यादित नाही. सेवा आणि सुविधा यांनाही ती लागू होते. नगरपालिकेचा रॅम्प ही अशी सुविधा आहे. उद्या एखाद्या सहलीत, एखाद्या भारतीय मंडळाच्या नौकाविहारात, आडनाव विचारून कोणाला वेगळी वागणूक मिळाली, तर दाद मागण्याची जागा आहे, हे आपल्या प्रत्येक घरात ठाऊक असले पाहिजे.

ही नदी आधी कोणाची?

आपला हक्क सांगताना आणखी एक प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही. ज्या काठावर आपण उभे राहतो, तो आपल्या आधी कोणाचा होता?

२५ ऑक्टोबर १७८४ रोजी गव्हर्नर हॅल्डिमंड यांनी जाहीरनामा काढून ग्रँड नदीच्या मुखापासून उगमापर्यंत दोन्ही काठांवरची सहा-सहा मैल रुंदीची जमीन सिक्स नेशन्स म्हणजे मोहॉक, ओनायडा, ऑनोन्डागा, केयुगा, सेनेका आणि टस्करोरा यांना दिली. ती सुमारे साडेनऊ लाख एकर भरते. आज त्यातील पाच टक्क्यांहूनही कमी जमीन त्यांच्याकडे उरली आहे आणि उरलेल्या जमिनीचे दावे अजून मिटलेले नाहीत. केयुगाच्या रॅम्पवर ज्या गावाचे नाव आपण वाचतो, ते या सहा राष्ट्रांपैकी एकाचे नाव आहे.

क्रेडिट नदीची कथाही याहून सुखाची नाही. तिच्या काठी मिसिसॉगा लोकांची वस्ती होती आणि सालमन मासा हा त्यांच्या जगण्याचा आधार होता. गोऱ्या वसाहतवाल्यांनी मासेमारीवर आक्रमण केले तेव्हा त्यांनी सरकारकडे अर्ज-विनंत्या केल्या. १८२९ साली अप्पर कॅनडाच्या विधिमंडळाने क्रेडिट नदीवरील त्यांचा मासेमारीचा अनन्य हक्क संरक्षित करणारा कायदाही केला. कायदा कागदावर राहिला, मासा आटला, वस्तीभोवतीची जमीन हातची गेली. १८४७ साली त्यांना नदी सोडावी लागली आणि सिक्स नेशन्सने आपल्या जमिनीत दिलेल्या जागेवर, आजच्या हॅगर्सव्हिलजवळ, ते जाऊन वसले. ज्यांच्या नावाने मिसिसॉगा शहर ओळखले जाते, ते लोक आज त्या शहराच्या नदीवर राहत नाहीत.

पंचशीलातील दुसरे शील आपल्याला न दिलेले घेण्यापासून दूर राहण्यास सांगते. आपण ही जमीन हिरावून घेतली नाही, हे खरे आहे. पण हिरावलेल्या जमिनीवर उभारलेल्या सुविधा आपण वापरतो, हेही खरे आहे. म्हणून आपल्या मुलांना नदीची ओळख करून देताना तिचा हा इतिहासही सांगावा. सिक्स नेशन्सच्या वसाहतीत आजही अनेक घरांपर्यंत शुद्ध पाण्याची नळवाहिनी पोहोचलेली नाही. उत्तर ओंटारिओतील नेस्कँटागा येथे १९९५ सालापासून पाणी उकळून पिण्याची सूचना कायम राहिली आहे. पाण्यासाठीच्या त्यांच्या लढ्यात महाडची लेकरे कोणत्या बाजूला उभी राहतील, याविषयी शंका असू नये.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून वृद्ध, रोगी आणि प्रेत यांच्या दर्शनाची पारंपरिक कथा स्वीकारली नाही. त्यांनी कारण दिले ते रोहिणी नदीच्या पाण्याचे. शाक्य आणि कोलिय दोघेही त्या नदीचे पाणी शेतीला घेत. आधी कोणी घ्यायचे यावरून मारामारी झाली आणि शाक्य संघापुढे युद्धाचा प्रस्ताव आला. सिद्धार्थाने विरोध केला आणि पर्याय सुचवला: दोन माणसे आपली, दोन त्यांची, या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाच जणांनी तंटा मिटवावा. बहुमत युद्धाच्या बाजूने गेले आणि सिद्धार्थाने परिव्रज्या पत्करली. आपल्या धम्माच्या कथेच्या आरंभीच अशी एक नदी वाहते आहे. ओंटारिओत १९४६ च्या कायद्याने नदीखोऱ्यानुसार संवर्धन प्राधिकरणे स्थापन करण्याची सोय झाली आणि खोऱ्यातील नगरपालिकांचे प्रतिनिधी तेथे एकत्र बसू लागले. त्या मेजाभोवती कोण बसते आणि कोण बसत नाही, हे पाहण्याची दृष्टी रोहिणीची कथा आपल्याला देते.

पोहणे न येण्यामागचा इतिहास

आता आपल्या घरातील प्रश्नाकडे येऊ. आपण पाण्यात उतरत नाही, याचे पहिले कारण साधे आहे: आपल्यापैकी बहुसंख्य प्रौढांना पोहता येत नाही. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. त्याला इतिहास आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत मुले विहिरीत पोहायला शिकतात आणि विहिरी आपल्याला बंद होत्या. ही जुनी गोष्ट नव्हे. २०१८ साली जळगाव जिल्ह्यातील वाकडी गावात विहिरीत पोहल्याबद्दल मातंग समाजाच्या मुलांना विवस्त्र करून मारहाण करण्यात आली. ज्या समाजाला पाण्याला शिवू दिले नाही, त्याला पोहता येत नाही यात नवल ते काय?

कॅनडात ही उणीव भरून काढता येते. नगरपालिकांच्या तरणतलावांत प्रौढांसाठी नवशिक्यांचे वर्ग असतात; अनेक ठिकाणी केवळ स्त्रियांसाठी राखीव वेळ असतो, त्याचा लाभ आपल्या माता-भगिनींनी अवश्य घ्यावा. लाइफसेव्हिंग सोसायटीच्या ‘स्विम टू सर्व्हाइव्ह’ या उपक्रमात तीनच गोष्टी शिकवतात: खोल पाण्यात पडल्यावर सावरणे, एक मिनिट जागच्या जागी तरंगणे आणि ५० मीटर पोहून जाणे. कोणी जलतरणपटू व्हावे अशी अपेक्षा नाही; पाण्यात पडलेला माणूस जिवंत काठाला यावा, एवढीच आहे.

पाण्यात उतरण्यापूर्वी

कायद्याने नावेतील प्रत्येक माणसाला मापाचे, मान्यताप्राप्त लाइफ जॅकेट नावेत असणे आवश्यक आहे. आम्ही म्हणू, नावेत नको, अंगावर हवे, आणि तेही काठावर असतानाच बंद लावून. बुडणाऱ्याला जॅकेट घालण्याची उसंत मिळत नाही. याशिवाय कनूत किमान १५ मीटरचा तरंगता दोर, पाणी उपसण्याचे भांडे किंवा पंप आणि शिट्टी ठेवावी. मोटार लावलेली नाव चालवायची असेल तर परीक्षा देऊन चालकाचे कार्ड घ्यावे लागते. वल्ह्याच्या नावेला ते लागत नाही. मद्य घेऊन बोट चालवणे हा गाडीप्रमाणेच गुन्हा आहे. पाचव्या शीलाचा आदर करणाऱ्या कुटुंबाला हा नियम जड जाऊ नये.

मे महिन्यात हवा उबदार असते, पाणी मात्र नुकत्याच वितळलेल्या बर्फाचे असते. अशा पाण्यात अचानक पडल्यास श्वास अडकतो आणि चांगला पोहणाराही काही क्षणांत गलितगात्र होतो. म्हणून पहिली सहल जूनच्या अखेरीस किंवा जुलैत ठेवावी. ग्रँड नदीवर पॅरिस, ब्रँटफर्ड, केलेडोनिया, डनव्हिल येथे बंधारे आहेत. बुटक्या बंधाऱ्याखाली पाणी उलटे फिरत राहते आणि त्यात सापडलेली वस्तू बाहेर फेकली जात नाही. वरून तो निरुपद्रवी दिसतो, हाच त्याचा मोठा धोका. बंधाऱ्याच्या बऱ्याच आधी काठाला लागावे आणि नाव उचलून पलीकडे न्यावी. निघण्यापूर्वी ग्रँड नदी संवर्धन प्राधिकरण प्रसिद्ध करीत असलेली प्रवाहाची पातळी पाहावी. पावसानंतरच्या गढूळ, वेगवान पाण्यात उतरू नये.

रॅम्पची एक शिस्त आहे. सामान चढवणे, दोर बांधणे, जॅकेटे घालणे ही सारी तयारी वाहनतळावर करावी आणि रॅम्पवर केवळ नाव उतरवण्यापुरते थांबावे. रांग मोडू नये. ओल्या काँक्रीटवर शेवाळ असते, तेथे मुलांना खेळू देऊ नये. बाहेर आल्यावर नाव स्वच्छ करून, पाणी काढून, वाळवून न्यावी. १ जानेवारी २०२२ पासून ओंटारिओत नाव रस्त्याने नेण्यापूर्वी तिच्यावरील वनस्पती व जीव काढणे आणि पाणी निचरण्यासाठी बुचे उघडणे कायद्याने बंधनकारक आहे. १९८८ साली सेंट क्लेअर सरोवरात आढळलेले झेब्रा शिंपले पुढे सर्वत्र पसरले, त्यात एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाणाऱ्या नावांचा मोठा वाटा होता.

मासेमारीविषयी आम्ही कोणाला आदेश देणार नाही. पहिल्या शीलाचा विचार प्रत्येक उपासक-उपासिकेने स्वतः करावा. नदीचा आनंद घेण्यासाठी गळ लागतोच असे नाही. ज्यांना मासे पकडायचे आहेत, त्यांनी परवान्याचे नियम नीट पाहून घ्यावेत आणि पकडण्याच्या मर्यादा पाळाव्यात. आपल्याला नियम शिकवायला कोणी तिऱ्हाईत पुढे आला, तर शांतपणे परवाना दाखवण्याची गरज केवळ अधिकाऱ्यासमोर आहे, त्याच्यासमोर नाही. धमकी किंवा शिवीगाळ झाली, तर जागा सोडून सुरक्षित व्हावे आणि पोलिसांत नोंद अवश्य करावी. २००७ सालच्या घटना आयोगापर्यंत पोहोचल्या, कारण लोकांनी त्या सांगितल्या.

आपल्यासमोरचे काम

रॅम्प कायमचे टिकतात असे नाही. हिमवर्षावाने काँक्रीट फुटते, गाळ साचतो, दुरुस्तीला पैसे नसले की ‘तात्पुरता बंद’ असा फलक लागतो. शेजारच्या घरांना वाहनांचा त्रास होतो, मग वाहनतळ आकुंचित होतो किंवा बाहेरच्यांचे शुल्क वाढते. त्यातील काही कारणे रास्तही असतात. परंतु हे निर्णय नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात आणि जनसुनावणीत होतात आणि तेथे ज्यांचा आवाज ऐकू येतो त्यांच्यासाठीच काठ उघडा राहतो. महाडच्या नगरपालिकेने एक ठराव केला आणि तोच नंतर मागे घेतला, हे आपण विसरता कामा नये. सुनावणीला जाणे, दोन मिनिटे बोलणे, लेखी म्हणणे देणे हे आपल्यातील शिकलेल्या पिढीला अवघड नाही.

२० मार्च २०२७ ही चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या शतकपूर्तीची तारीख. त्या दिवशी इथल्या नद्यांच्या काठावर बर्फ असेल. सभागृहात वंदना होईल, व्याख्याने होतील आणि ती व्हावीतच. त्यासोबत आमची एक सूचना आहे. त्याआधीच्या हिवाळ्यात प्रत्येक कुटुंबातील किमान दोघांनी पोहण्याच्या वर्गात नाव घालावे. जुलैत आपल्या शहराजवळच्या सार्वजनिक रॅम्पवर सर्वांनी जमावे, ज्यांची ती नदी होती त्या लोकांची नावे मुलांकडून म्हणून घ्यावीत, त्रिशरण-पंचशील घ्यावे, जॅकेटांचे बंद एकमेकांनी तपासावेत आणि लहान-मोठ्या सर्वांनी नावेतून थोडे अंतर जाऊन यावे. ज्यांना नावेत बसण्याची भीती वाटते, त्यांनी रॅम्पच्या कडेला वाकून ओंजळभर पाणी हातात घ्यावे.

जय भीम. नमो बुद्धाय.